पाऊस चांगला झाला, म्हणूनच जपायला हवं

दर वर्षी फेब्रुवारी सरत आला की साताऱ्याहून आबांचा फोन येतो आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: "गेल्या साली तुमच्याकडं पाऊसपाणी कसं होतं गं?" शेतकऱ्याचा प्रश्न आहे. मी सांगते, "चिक्कार झालं, आबा." "मग कसली काळजी!" असं म्हणून ते निवांत होतात. ओक्लाहोमात येऊन मला चौदा वर्षं झाली. इथे काळजी नेमकी त्या चिक्कार पावसापासूनच सुरू होते, हे मला त्यांना अजून नीट पटवता आलेलं नाही. आणि खरं सांगायचं तर त्यांनाच काय, इथे जन्म काढलेल्या कितीतरी लोकांनाही ते पटलेलं नाही. टीव्हीवर वसंत ऋतूचा हवामान अंदाज येतो, नकाशावर आपला भाग हिरवा दिसतो, आणि माणसं सुटकेचा श्वास टाकतात. या सवयीबद्दल मला लिहायचं आहे, कारण तिची किंमत मी जवळून पाहिली आहे.

आधी इथलं गवत समजून घेऊ. टेक्ससच्या उत्तर टोकापासून, ज्याला इथे पॅनहँडल म्हणतात, ते ओक्लाहोमा, कॅन्सस, नेब्रास्का आणि पुढे डाकोटांपर्यंत हा गवताचा सपाट प्रदेश पसरलेला आहे. आपल्याकडे वणवा म्हटलं की डोळ्यांपुढे डोंगर आणि झाडी येते. इथे मैलोन् मैल दोन्हीपैकी काही नाही. मे ते ऑगस्ट गवत वाढतं, पाऊस झाला तर कमरेएवढं. शरदात पहिलं दव गोठलं की ते मरतं, पण पडत नाही; वाळून जागच्या जागी उभं राहतं. नवं हिरवं गवत एप्रिलमध्ये वर येईपर्यंत, म्हणजे चार-पाच महिने, सगळा मुलूख पिवळ्या, कोरड्या, उभ्या काडीचा असतो. जितका पाऊस जास्त, तितकी काडी दाट.

या मेलेल्या काडीला ओल धरून ठेवता येत नाही. लाकडाचा ओंडका भिजला तर सुकायला दिवस लागतात, गवताच्या पात्याला तासभर पुरतो. सकाळी दहिवराने पांढरं पडलेलं कुरण दुपारी दोनला चुलीत घालण्याजोगं होतं. त्यामुळे "परवाच तर पाऊस झाला" या वाक्याला फेब्रुवारी-मार्चमध्ये फार अर्थ उरत नाही. त्या दुपारी हवा किती कोरडी आहे आणि वारा किती आहे, एवढंच गवताला कळतं.

२६ फेब्रुवारी २०२४ ची गोष्ट घ्या. टेक्ससच्या पॅनहँडलमध्ये २०२३च्या मे-जूनमध्ये इतका पाऊस झाला होता की अमारिलो शहरात पाणी तुंबून घरं बुडाली होती. त्या हिवाळ्यात एल निन्यो जोरात होता, आणि एल निन्यो म्हणजे दक्षिणेकडच्या मैदानांना एरवीपेक्षा ओला हिवाळा असा ढोबळ ठोकताळा आहे. मोसमी अंदाजाचा कल ओल्याकडेच होता. त्या पट्ट्यात तेव्हा दुष्काळही फारसा नव्हता. कागदावर सगळं छान. त्या दुपारी अमारिलोत पारा २८ अंशांवर गेला, तोही फेब्रुवारीत, आणि स्टिनेट नावाच्या लहानशा गावाजवळ आग लागली. ही स्मोकहाउस क्रीकची आग. पश्चिमेच्या वाऱ्याने ती पूर्वेकडे लांबच लांब पट्ट्यात पळाली. मग थंड हवेची आघाडी आली, वारा उत्तरेकडून फिरला, आणि त्या पट्ट्याची सगळी दक्षिण कड एकाच वेळी आगीचं तोंड बनली. दहा लाख अठ्ठावन्न हजार एकर जळले. आपल्या गोवा राज्याहून मोठा मुलूख. दोन माणसं गेली, सात हजारांवर गुरं मेली. टेक्ससच्या नोंदवलेल्या इतिहासातली ही सर्वांत मोठी आग. आणि आग पेटल्यावर तिसऱ्या दिवशी त्याच रानावर बर्फ पडला.

हे एकदाच घडलं असतं तर दैव म्हणून सोडून दिलं असतं. २०१५ हे ओक्लाहोमाचं आजवरचं सर्वांत ओलं वर्ष. पुढच्याच मार्चमध्ये ओक्लाहोमा-कॅन्ससच्या सीमेवर अँडरसन क्रीकची आग लागली आणि साडेतीन लाखांहून अधिक एकर घेऊन गेली. टेक्ससमध्ये २०१०चा चांगला पाऊस आणि लगेच २०११चा भीषण दुष्काळ, त्या एका वर्षात राज्यात चाळीस लाख एकरांच्या आसपास जमीन जळाली. यातला क्रम महत्त्वाचा आहे: आधी वाढ, मग वाळवण. दुष्काळ आणि ला निन्या, म्हणजे एल निन्योच्या उलट स्थिती, धोका वाढवतात यात शंका नाही. पण नुसत्या दुष्काळी वर्षात गुरं गवत बुडख्यापर्यंत खातात आणि आगीला धावायला सलग रान मिळत नाही. भरल्या वर्षानंतर ते मिळतं.

मग वसंताच्या अंदाजाला काही किंमतच नाही का? आहे, पण तो काय सांगतो ते आपण ऐकत नाही. तीन महिन्यांचा अंदाज म्हणजे शक्यतांची वाटणी. सरासरीपेक्षा जास्त, सरासरीइतका, सरासरीपेक्षा कमी, अशा तीन घरांत मुळात तेहतीस-तेहतीस टक्के असतात आणि अभ्यासक त्यातलं एखादं घर चाळिसावर नेतात. तोच नकाशावरचा हिरवा रंग. नव्वद दिवसांची सरासरी बरोबर निघाली तरी त्यातले तीन दिवस कोरडे आणि सोसाट्याच्या वाऱ्याचे असू शकतात, आणि मैदानं जळतात ती त्या तीन दिवसांत. अंदाज करणाऱ्यांनी हे कधी लपवलेलं नाही. आपणच त्यांच्या सांगण्यातून आपल्याला हवा तेवढा धीर काढून घेतो.

जवळचा अंदाज मात्र आता थक्क करणारा झाला आहे. त्याबद्दल मला या राज्याचा अभिमान वाटतो. ओक्लाहोमाच्या सत्त्याहत्तर काउंट्यांमध्ये, म्हणजे जिल्ह्यांमध्ये, मेसोनेट या हवामान नोंदणाऱ्या जाळ्याची सुमारे एकशेवीस केंद्रं आहेत, प्रत्येक काउंटीत किमान एक. १९९४ पासून ती वारा, दमटपणा, तापमान दर पाच मिनिटांनी कळवत आहेत. नॉर्मनला केंद्र सरकारचं वादळ अंदाज केंद्र आहे, ते आगीच्या हवामानाचा इशारा आठ-आठ दिवस आधी देतं. उपग्रहाला रानात तापलेला ठिपका दिसला की हवामान कार्यालयातून वनखात्याला निरोप जातो, पुष्कळदा गावातून पहिला फोन येण्याआधी. हे सगळं उभं करायला तीस वर्षं लागली. म्हणून २०२५च्या मार्चमध्ये माणसं कमी केल्यामुळे नेब्रास्कातल्या ओमाहा आणि साउथ डाकोटातल्या रॅपिड सिटीच्या हवामान कार्यालयांना हवामानाचे फुगे सोडणं थांबवावं लागलं, तेव्हा मला फार वाईट वाटलं. मैदानांवर हवेच्या वरच्या थरांत काय शिजतंय ते या फुग्यांतून कळतं. चार पैसे वाचवायला डोळा बांधून घेण्यासारखं ते होतं.

तरीही माझा मुख्य मुद्दा अंदाजाचा नाही. १४ मार्च २०२५ च्या शुक्रवारचा अंदाज कित्येक दिवस आधी, अगदी स्पष्ट शब्दांत दिला गेला होता. आम्ही स्टिलवॉटरला राहतो, गावाच्या पूर्वेला. सकाळी शाळेतून निरोप, फोनवर निरोप, टीव्हीवर लाल नकाशे. दुपारपर्यंत पश्चिमेकडच्या धुळीने आकाश विटकरी झालं होतं आणि वारा ताशी ११० किलोमीटरच्या वर झोडपत होता. मग धूर आला. पश्चिमेच्या वस्त्यांना घरं सोडायला सांगितलं, तसे आमच्या ओळखीचे दोन विद्यार्थी पासपोर्ट, लॅपटॉप आणि प्रेशर कुकर घेऊन आमच्याकडे आले. त्यातल्या मुलीच्या केसांत राखेचे बारीक कण होते, तांदळाच्या कण्यांएवढे. ती रात्रभर बोलली नाही. त्या दिवशी राज्यात १३०हून अधिक आगी लागल्या, पावणेदोन लाख एकरांच्या आसपास जमीन जळाली, चारशेहून अधिक घरं गेली, त्यातली दोनशेच्या वर आमच्या गावात आणि भोवताली. आग आणि वारा मिळून किमान चार माणसं दगावली. गव्हर्नरांचं स्वतःचं शेतघरही जळालं. वारा असा होता की पाणी टाकणारी विमानं उडूच शकत नव्हती.

अंदाज अचूक होता, इशारे वेळेवर होते, माणसं जिवावर उदार होऊन झुंजली. मग कमी काय पडलं? आग पोचण्याआधी जमीन कशी ठेवली होती, तिथे आम्ही कमी पडलो. माझं म्हणणं एवढंच आहे: हा मुलूख जळणारच. तो हजारो वर्षं जळत आला आहे. आपल्या हातात फक्त एवढं आहे की काडी कोणी लावायची आणि कोणत्या दिवशी. शांत वाऱ्याच्या, थोड्या दमट दिवशी आपण ती ठरवून लावली नाही, तर सर्वांत वाईट दिवशी ती एखादी तुटलेली वीजतार लावते.

ओसेज, कॉ, पॉनी आणि इतर मूळ रहिवासी ही मैदानं हेतुपुरस्सर जाळत. नवं गवत लुसलुशीत येई, त्याच्यामागे बायसन, म्हणजे इथले रानगवे, येत. त्यांना त्यांच्याच जमिनीवरून हटवलं गेलं आणि त्यांच्याबरोबर आगही हटवली गेली. मग आगीच्या जागी आला सीडर. पूर्वेकडचा रेड सीडर इथलाच वृक्ष, पूर्वी घळींत आणि खडकाळ कड्यांवर, जिथे आग पोचत नाही तिथे वाढायचा. १९३०च्या दशकात धुळीची वादळं उठली तेव्हा सरकारने वारा अडवायला झाडांच्या रांगा लावायला घेतल्या. पहिलं झाड मार्च १९३५ मध्ये ओक्लाहोमात मँगम गावाजवळ लागलं, आणि काही वर्षांत वीस कोटींहून जास्त झाडं लागली, त्यांत रेड सीडरही होता. त्या वेळच्या माणसांना दोष द्यायची माझी हिंमत नाही; त्यांच्या डोळ्यांत माती जात होती. पण पक्ष्यांनी निळी फळं खाल्ली, कुंपणाच्या तारांवर बसून बिया टाकल्या, आणि आग नसल्यामुळे प्रत्येक बी जगलं. आज मध्य ओक्लाहोमातून गाडीने जाताना जी गर्द हिरवळ दिसते ती बहुतेक हीच. पाहुण्यांना ती आवडते. मला ती पाहिली की पोटात गोळा येतो. या झाडात उडणारं तेल असतं. गवताची आग माणूस वेळप्रसंगी झोडपून विझवू शकतो, पण पेटलेला सीडर दिवाळीतल्या भुईनळ्यासारखा उसळतो आणि त्याच्या ठिणग्या वाऱ्यावर रस्ता, नाला, पटांगण ओलांडून जातात. इतकं होऊनही नेब्रास्कात हीच रोपं वाराअडणीसाठी अजून सवलतीत मिळतात. एका हाताने लावायचं आणि दुसऱ्या हाताने विझवायचं, हे थांबलं पाहिजे.

ठरवून लावलेली आग कशी असते ते मी तीन वर्षांपूर्वी पहिल्यांदा पाहिलं. ओसेज काउंटीतल्या एका गुरांवाल्या ओळखीच्या कुटुंबाने बोलावलं होतं. आजूबाजूचे दहा-बारा शेजारी आपापल्या पिकअप गाड्या घेऊन आले होते, मागे पाण्याच्या टाक्या आणि फवारे. आधी यादी वाचली गेली: दमटपणा तीस ते साठ टक्क्यांच्या मध्ये आहे का, वारा ताशी पंचवीस किलोमीटरच्या आत आणि एकाच दिशेचा आहे का, शेजाऱ्यांना आणि अग्निशमन दलाला कळवलं का. मग रानाच्या त्या टोकाला, ज्या बाजूला वारा वाहत होता, पाण्याने ओली रेघ मारली आणि रेघेच्या आतल्या बाजूने थेंबाथेंबाने पेटतं तेल सोडणाऱ्या डब्याने आग लावली. ती वाऱ्याच्या उलट, हळूहळू, गुडघ्याएवढ्या ज्वाळांनी चरत गेली. दीड-दोन तास हेच. काळी पट्टी पुरेशी रुंद झाली तेव्हाच वारा जिकडून येत होता त्या टोकाला काडी लागली, आणि मग मात्र आवाज आला, सुपातून तांदूळ पाखडावेत तसा, फक्त हजार सुपांचा. काही मिनिटांत आग काळ्या पट्टीला भिडली आणि खायला काही न मिळून जागीच बसली. कमरेखालचे सीडर तांबूस होऊन मेले होते. संध्याकाळी तो गृहस्थ एकेक शेणाची थापटी बुटाने उलटून बघत होता. गवताची राख तासाभरात निवते, पण शेण आणि जुनी खोडं रात्रभर धुमसतात, म्हणून पहारा ठेवावा लागतो. हे मला त्याने सांगितलं तेव्हा आईची आठवण झाली. तीही चुलीतली गोवरी अशीच उलटून बघायची.

कॅन्ससच्या फ्लिंट हिल्समध्ये हे दर वसंतात लाखो एकरांवर होतं. तिथल्याच मॅनहॅटन गावाजवळच्या कोन्झा प्रेअरी या अभ्यासासाठी राखलेल्या कुरणावर काही तुकडे दर वर्षी, काही दोन, काही चार, काही वीस वर्षांनी जाळून किती दशकं नोंदी ठेवल्या आहेत. निष्कर्ष साधा आहे: तीनेक वर्षांत एकदा आग मिळाली नाही तर गवताळ रानात झुडपं घुसतात, आणि एकदा घुसली की नुसत्या आगीने सहसा जात नाहीत. नेब्रास्कात लोएस कॅन्यन्सच्या भागात गुरांवाल्यांनी एकमेकांच्या रानात आळीपाळीने मदत करून सीडर मागे हटवला आहे. आपल्याकडच्या इर्जिकीसारखंच हे. एकट्याच्या आवाक्यात नसतं, गाव आलं तर जमतं.

याला विरोध आहे आणि तो पोकळ नाही. २०२२ मध्ये न्यू मेक्सिकोत वनखात्याने स्वतः लावलेल्या आगी हाताबाहेर गेल्या आणि तीन लाख चाळीस हजार एकर, कितीतरी पिढ्यांची घरं, जळून गेली. त्या माणसांपुढे "ठरवून लावलेली आग" हा शब्द काढायला जीभ रेटणार नाही. तरी ती आग का सुटली ते पाहिलं पाहिजे: तिचा एक भाग जानेवारीत पेटवलेल्या लाकडांच्या ढिगात बर्फाखाली महिनोन् महिने धुमसत होता. गवतात तसं होत नाही. दुसरा आक्षेप धुराचा. एप्रिलमध्ये फ्लिंट हिल्सचा धूर लिंकन-ओमाहापर्यंत जातो आणि दमेकऱ्यांचे हाल होतात. माझ्या मुलाला दमा आहे, हे मी ऐकीव सांगत नाही. यावर उपाय म्हणजे सगळ्यांनी एकाच पंधरवड्यात जाळायची प्रथा मोडणं; हिवाळ्यात किंवा शरदात जाळल्याने गवत घटत नाही, असं कोन्झाच्या नोंदींतून पुढे आलं आहे. तिसरा आक्षेप मला सर्वांत खरा वाटतो. आग शेजाऱ्याच्या कुंपणात गेली तर भरपाई कोणाची? बहुतेक शेतकरी इथेच अडतात. जाळायचं कसं ते त्यांना येतं, कोर्टाची भीती वाटते. विमा मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही.

इथे सरकारने उतरावं. फ्लोरिडात प्रशिक्षण घेऊन, परवान्याने, नियम पाळून आग लावणाऱ्याला घोर निष्काळजीपणा सिद्ध झाल्याशिवाय दोषी धरत नाहीत, आणि ते राज्य वर्षाला वीस लाख एकरांच्या आसपास जाळतं. कॅलिफोर्नियाने ठरवून लावलेल्या आगीतून झालेल्या नुकसानीसाठी दोन कोटी डॉलरचा निधी बाजूला ठेवला आहे. ओक्लाहोमा, टेक्सस, कॅन्ससला हे का जमू नये? एका वाईट दुपारची किंमत याच्या कितीतरी पट असते. आगीनंतर विमानांसाठी आणि नव्या बंबांसाठी पैसे मागितले की टाळ्या पडतात. डिसेंबरमध्ये सीडर कापायला आणि जानेवारीत रान जाळायला पैसे मागितले की सभागृह रिकामं होतं. तहान लागल्यावर विहीर खणायची ही रीत सगळीकडे सारखीच.

विजेच्या खांबांचंही असंच. स्मोकहाउस क्रीकची आग कुजलेला खांब मोडून लागली असं टेक्ससच्या विधिमंडळाच्या चौकशीत पुढे आलं. वीज कंपनीनेही आपल्या यंत्रणेचा संबंध दिसतो हे मान्य केलं, निष्काळजीपणा मात्र नाकारला. २००६ मध्ये अमारिलोच्या पूर्वेला बारा माणसं गेली, त्या आगीही तारांमुळे. दोन्हींच्या मधल्या अठरा वर्षांत खांब बदलून झाले असते. आणि या आगींपुढे पहिल्यांदा उभे राहतात ते गावचे स्वयंसेवक, दिवसभर दुसरी नोकरी करणारे, जत्रेत भजी विकावीत तसे पॅनकेक विकून बंबाच्या टायरांचे पैसे उभे करणारे. त्यांना पगार नाही तर निदान धड गाडी आणि विमा द्यावा.

डॅलसच्या उत्तरेला, कॅन्सस सिटीच्या ओव्हरलँड पार्कमध्ये, आणि इथेही, आपली मराठी माणसं घरं घेतात ती बरेचदा वस्तीच्या कडेला, मागे मोकळं रान दिसेल अशी. मीही तसंच घेतलं. गृहप्रवेशाला सगळे जण मागचं रान बघून "काय सुंदर!" म्हणाले. ते रान कोणाचं आहे, शेवटचं कधी जळलं, सीडर किती आहेत, लाकडी कुंपण थेट घराच्या भिंतीला टेकलं आहे का, हे एकानेही विचारलं नाही, मीही नाही. मंडळाच्या बैठकीत करांवर व्याख्यान होतं तसं या विषयावर गावच्या अग्निशमन दलातल्या कोणाला तरी बोलवा. ते आनंदाने येतात.

हे वाचून आबांनी किंवा जावळीतल्या कोणी डोंगराला काडी लावावी असा याचा अर्थ नाही. सह्याद्रीचा उतार, तिथली झाडी, जमिनीवरची घरटी, सगळं वेगळं आहे, आणि पुढच्या साली गवत चांगलं येईल म्हणून मार्च-एप्रिलच्या कडक उन्हात पेटवलेले डोंगर मी लहानपणापासून बघत आले आहे. तिथे जाळरेषा वेळेवर काढणं हेच मोठं काम आहे. जमीन पाहून आग ओळखावी लागते, एवढं इथे आणि तिथे सारखं.

आमच्या घराच्या मागच्या खिडकीपाशी आधीच्या मालकाने दोन रेड सीडर लावले होते, सावलीसाठी. वीस फूट उंच, खिडकीला टेकलेले. १४ मार्चनंतरही ते तोडायचा धीर मला वर्षभर झाला नाही. त्यात दर हिवाळ्यात लाल कार्डिनल पक्ष्यांची जोडी बसायची. या जानेवारीत तोडले. शेजारच्या बाई कुंपणापाशी आल्या, जरा दुखावल्यासारख्या वाटल्या, म्हणाल्या, "आता तुम्हाला ऊन लागेल." मी त्यांना म्हटलं, हो, लागेल. मग त्यांना त्यांच्याकडचे तीन दाखवले, आणि सांगितलं की हे झाड बुडाशी, सगळ्यात खालच्या हिरव्या फांदीच्याही खाली कापलं की पुन्हा फुटत नाही. शनिवारी करवत घेऊन येऊ का, विचारलं. त्या म्हणाल्या, घरात विचारून सांगते.